ठरलेला निकाल आणि न ठरलेली हानी : लुचा लिब्रेच्या समीक्षेचा एक प्रश्न

प्रास्ताविक

मराठीत 'नुरा कुस्ती' हा शब्दप्रयोग कौतुकाने कधीच केला जात नाही. निकाल आधी ठरवून, प्रेक्षकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी लढलेली कुस्ती म्हणजे नुरा कुस्ती. राजकीय पक्षांच्या लुटुपुटूच्या भांडणालाही वर्तमानपत्रे हेच नाव देतात. ज्या भाषेत 'निकाली' हा गौरवाचा आणि 'नुरा' हा निंदेचा शब्द आहे, त्या भाषेत मेक्सिकोतील मुखवटाधारी मल्लांच्या 'लुचा लिब्रे' या प्रकाराविषयी गांभीर्याने लिहिणे काहीसे अवघड होते. या स्पॅनिश शब्दांचा सरळ अर्थ 'मुक्त झुंज' असा आहे. कोण जिंकणार हे तेथे आधी ठरलेले असते, एवढे कळताच बहुतेकांच्या लेखी विषय संपतो.

वस्तुतः समीक्षेचे काम येथून सुरू व्हावयास हवे. रामलीलेत रावण मरणार हे ठाऊक असूनही प्रेक्षक बसून राहतो; शोकांतिकेचा शेवट माहीत असल्यामुळे ती पाहण्यातील रस उणावत नाही. म्हणून 'ही कुस्ती नसून नाटक आहे' असे उत्तर अनेक अभ्यासकांनी दिले आहे. ते उत्तर पहिल्या आक्षेपापेक्षा निश्चित पुढचे आहे. तरीही ते अपुरे आहे. नाटकात रंगमंचावर गमावलेला मुकुट दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात नटाच्या डोक्यावर पुन्हा चढतो. लुचा लिब्रेमध्ये पैजेच्या लढतीत गमावलेला मुखवटा परत चढवायचा नसतो, आणि पाठीवर पडलेल्या मल्लाचे मणके कोणत्याही संहितेला बांधलेले नसतात. निकाल ठरलेला असला तरी हानी खरी असते. या दोहोंमधील ताणाकडे न पाहणारी समीक्षा, ती कितीही विद्वत्तापूर्ण असली तरी, या झुंजींच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही.

रिंगणाचे व्याकरण

लुचा लिब्रेचा संस्थात्मक इतिहास सामान्यतः १९३३ पासून सांगितला जातो. साल्वादोर लुत्तेरोथ यांनी त्या वर्षी मेक्सिको शहरात 'एम्प्रेसा मेहिकाना दे लुचा लिब्रे' ही संस्था स्थापन केली आणि २१ सप्टेंबर १९३३ रोजी तिचा पहिला कार्यक्रम झाला. तीच संस्था आज 'कोन्सेहो मुंदियाल दे लुचा लिब्रे' (सीएमएलएल) या नावाने कार्यरत आहे. १९४३ मध्ये अरेना कोलिसेओ आणि १९५६ मध्ये सुमारे १६,५०० प्रेक्षकांची अरेना मेहिको ही तिची दोन मोठी प्रेक्षागृहे उभी राहिली. शुक्रवारी रात्री अरेना मेहिकोमध्ये जाणे हा राजधानीतील कित्येक कुटुंबांचा पिढीजात रिवाज आहे.

या झुंजींत मल्लांचे दोन पक्ष असतात. 'तेक्निको' म्हणजे नियमाने, कौशल्याने लढणारा. 'रुडो' म्हणजे दांडगा, नियम वाकवणारा, पंचाची पाठ फिरताच कंबरेखाली मारणारा. यास सरळ सरळ नायक आणि खलनायक म्हणणे सोयीचे असले तरी ते चुकीचे ठरते, कारण प्रेक्षकांतील मोठा वर्ग उघडपणे रुडोंचा चाहता असतो. दूरचित्रवाणीवर आर्तुरो रिवेरा या समालोचकाने तर 'एल रुडो' हे नाव घेऊन आयुष्यभर त्यांची तळी उचलली. नियम पाळून हरणाऱ्यापेक्षा नियम मोडून तगणारा आपला वाटावा, ही भावना ज्या शहरात कायदा नेहमी दुसऱ्याच्या बाजूने असतो तेथे समजण्याजोगी आहे.

लढत बहुधा तीन डावांची असते आणि दोन डाव जिंकणारा विजयी ठरतो. सर्वांत प्रचलित प्रकार तिघांविरुद्ध तिघांचा. त्यात प्रत्येक संघाला एक कर्णधार असतो. कर्णधार हरला किंवा उरलेले दोघे हरले की डाव संपतो. साथीदाराच्या हाताला हात लावून आत येण्याची अमेरिकन सक्तीही येथे नाही. आतला मल्ल रिंगणाबाहेर जमिनीवर उतरला की दुसऱ्याने आत यावयास हरकत नसते. या एका सवलतीमुळे लढतीची गतीच पालटते. माणसे सतत दोरांमधून बाहेर फेकली जातात, बाहेरची आत झेपावतात, आणि रिंगण क्षणभरही रिकामे राहत नाही. अनोळखी प्रेक्षकाला हा निव्वळ गोंधळ वाटतो. सरावलेल्या प्रेक्षकाला त्यात तीन स्वतंत्र जोड्यांची तीन स्वतंत्र भांडणे एकाच वेळी पुढे सरकताना दिसतात.

पहिल्या डावात पुष्कळदा 'यावेओ' म्हणजे पकडींची देवाणघेवाण चालते. एक मल्ल मनगट पिरगाळतो, दुसरा गिरकी घेऊन सुटतो आणि त्याच ओघात प्रतिस्पर्ध्याचा पाय धरतो. मेक्सिकोतील मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या शरीराच्या उजव्या बाजूवर काम करतात, अमेरिकेतील डाव्या बाजूवर. परदेशातून आलेला मल्ल पहिल्या मिनिटांत अवघडलेला दिसतो त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. हा भाग धीमा असतो आणि तरुण प्रेक्षक त्यात चुळबूळ करतात. तथापि पुढील उड्यांना वजन येते ते याच भागामुळे. जी लढत पहिल्या मिनिटापासून उड्यांनी भरलेली असते तिच्यात तिसऱ्या डावापर्यंत चढवायला काही शिल्लकच राहत नाही. अलीकडच्या अनेक लढतींचा हा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

उड्यांच्या बाबतीत समीक्षकाची नजर सहसा उडी मारणाऱ्यावर खिळते. वरच्या दोरावरून बाहेर झेपावणारा तेक्निको प्रकाशात असतो, छायाचित्रही त्याचेच निघते. परंतु त्या उडीतील निम्मे कौशल्य खाली उभ्या असलेल्या माणसाचे असते. वेगाने येणारे शरीर छातीवर झेलायचे, त्याची मान आणि डोके जमिनीपासून वाचवायचे, आणि हे सारे आपण अनपेक्षितपणे सापडलो अशा आविर्भावात करायचे, ही जबाबदारी बहुधा रुडोची असते. म्हणजे ज्याला प्रेक्षक शिव्या देत असतात त्याच्याच हातांत त्यांच्या लाडक्या मल्लाचा जीव असतो. कथेच्या पातळीवर वैर आणि शरीराच्या पातळीवर विश्वास, असे हे दुहेरी विणकाम आहे. नुसत्या कथेच्या अंगाने लिहिणाऱ्यांना त्याची दुसरी बाजू दिसत नाही, आणि नुसत्या कसरतीच्या अंगाने लिहिणाऱ्यांना पहिली.

मुखवट्याची वंशावळ

मुखवट्याविषयी मेक्सिकोत आणि बाहेर जे लिहिले जाते त्यात एक ठरीव साखळी आढळते. प्रारंभी अ‍ॅझ्टेक योद्ध्यांचे गरुड आणि जॅग्वारचे वेष, मग ओक्ताव्हिओ पास यांच्या 'एल लाबेरिंतो दे ला सोलेदाद' (१९५०) या ग्रंथातील मेक्सिकन मुखवट्यांविषयीचे प्रकरण, आणि त्यानंतर रिंगणातील मल्ल. साखळी आकर्षक आहे. ती पुराव्यावर मात्र टिकत नाही. पास यांचे ते प्रकरण चेहऱ्यामागे स्वतःला झाकून घेणाऱ्या स्वभावाविषयी आहे, कुस्तीविषयी नाही. रिंगणातील मुखवट्याची हकिगत तर फारच साधी आहे. १९३४ मध्ये मेक्सिकोत लढणाऱ्या सायक्लोन मॅके या अमेरिकन मल्लाला चेहरा झाकायचा होता. त्याने अंतोनिओ मार्तिनेस या चर्मकाराकडून मुखवटा शिवून घेतला. मार्तिनेस जोडे बनवीत असत. मुखवट्याच्या मागच्या बाजूस आजही नाडीने आवळावयाची फट असते, हे पाहता त्याचे नाते देवळापेक्षा चांभाराच्या दुकानाशी अधिक जवळचे आहे.

याचा अर्थ प्राचीन प्रतीकांचा वापर होत नाही असा नव्हे. पुढे अनेक मल्लांनी ती प्रतीके जाणीवपूर्वक घेतली. परंतु ती घेतलेली आहेत, वारशाने आलेली नाहीत, हा फरक समीक्षेत पुसला जाऊ नये. राष्ट्रीय अस्मितेची सोय म्हणून वंशावळ मागे नेण्याची हौस सर्वच देशांच्या सांस्कृतिक लेखनात आढळते. तिच्यामुळे तोटा असा होतो की मुखवट्याचे खरे सामर्थ्य कशात आहे हे पाहिलेच जात नाही. ते सामर्थ्य त्याच्या पुरातनतेत नाही. तो गमावता येतो यात आहे. सामान्य लढतीत प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा फाडला जातो, रक्ताने माखतो, पण तो पूर्ण काढणे हा नियमभंग आहे आणि त्याची शिक्षा बाद होणे ही आहे. तो कायदेशीरपणे काढला जातो फक्त पैजेच्या लढतीनंतर, पराभूताच्या संमतीने. आणि त्यावेळी त्याचे जन्मनाव सर्वांसमोर जाहीर होते.

एल सान्तो म्हणजे रोदोल्फो गुस्मान हुएर्ता (१९१७–१९८४) यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. १९४२ मध्ये त्यांनी रुपेरी मुखवटा चढवला, १९५२ पासून होसे जी. क्रूस यांच्या चित्रकथांचे ते नायक झाले, १९५८ नंतर पन्नासहून अधिक चित्रपटांत झळकले. जानेवारी १९८४ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात त्यांनी मुखवटा किंचित वर उचलला आणि काही दिवसांतच, ५ फेब्रुवारी रोजी, त्यांचे निधन झाले. दफन मुखवट्यासह झाले. कार्लोस मोन्सिवाइस यांनी 'लोस रितुआलेस देल काओस' (१९९५) या संग्रहात सान्तोच्या मिथकाचा मार्मिक वेध घेतला आहे. सान्तो नेमका कशी पकड घालीत असे, यापेक्षा लोकांनी त्याच्यात काय पाहिले याकडे त्यांचा ओढा आहे. मिथकाचा अभ्यास म्हणून तो निबंध श्रेष्ठ आहे. पण चित्रपटांतला सान्तो आणि रिंगणातला सान्तो यांची गल्लत त्यानंतरच्या लेखनात इतकी झाली, की हा लोकनायक आपल्या रिंगणातील कारकिर्दीची पहिली वीस वर्षे रुडो होता हे सांगितल्यावर आज अनेकांना आश्चर्य वाटते.

मुखवट्याची आणखी एक बाजू व्यापाराची आहे. सांगाड्याच्या वेषातील 'ला पार्का' हे पात्र प्रथम आदोल्फो तापिया यांनी गाजवले. अंतोनिओ पेन्या यांनी १९९२ मध्ये स्थापन केलेल्या 'ट्रिपल ए' या संस्थेशी त्यांचे नाते तुटल्यानंतर संस्थेने तेच नाव आणि तोच वेष दुसऱ्या मल्लाला दिला. तापिया यांना 'एल. ए. पार्क' असे नाव घेऊन लढावे लागले. म्हणजे ज्या मुखवट्यासाठी मल्ल रक्त सांडतो त्याची मालकी कागदावर दुसऱ्याची असू शकते. पास यांच्या ग्रंथावरून मुखवट्याचे तत्त्वज्ञान मांडणारे लेख या कागदाविषयी सहसा बोलत नाहीत. १९८५ च्या भूकंपानंतर बेघरांच्या चळवळीत 'सुपरबार्रिओ' नावाने लाल-पिवळ्या वेषात उतरलेला कार्यकर्ता मात्र बरोबर उलटे करून दाखवतो : तेथे मुखवटा कोणाचाही नसल्यामुळेच सर्वांचा झाला.

पैजेची लढत

मुखवट्याविरुद्ध मुखवटा, मुखवट्याविरुद्ध केस, केसांविरुद्ध केस, अशा पैजा लुचा लिब्रेत लावल्या जातात. केस पुन्हा वाढतात, म्हणून पहिला प्रकार सर्वोच्च. ७ नोव्हेंबर १९५२ रोजी अरेना कोलिसेओमध्ये सान्तोने ब्लॅक शॅडोचा मुखवटा जिंकला. ब्लॅक शॅडोचा जोडीदार ब्ल्यू डेमन याने या पराभवाचा सूड म्हणून सान्तोशी वैर धरले आणि १९५३ मध्ये त्याला हरवून वेल्टरवेट गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. एका मुखवट्याच्या पतनातून पुढील कित्येक वर्षांचे कथानक उभे राहिले. एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे : जिंकणारा रुडो होता. म्हणजे या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध लढतीत न्यायाचा विजय झालेला नाही.

१७ मार्च २००० रोजी अरेना मेहिकोमध्ये अत्लान्तिस आणि व्हियानो तिसरा यांच्यात झालेली मुखवट्याविरुद्ध मुखवट्याची लढत अलीकडच्या काळातील मानदंड मानली जाते. व्हियानो तिसरा म्हणजे आर्तुरो दिआस मेन्दोसा. वडील रे मेन्दोसा नामांकित मल्ल, पाच भाऊ व्हियानो याच नावाने क्रमांकानुसार लढणारे. लढत अत्लान्तिसने जिंकली, आणि तीन दशके झाकलेला एक मध्यमवयीन चेहरा हजारो लोकांसमोर उघडा झाला. अमेरिकेतील 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या वार्तापत्राच्या वाचकांनी तिला त्या वर्षाची सर्वोत्तम लढत ठरवले.

या निवडीबरोबरच त्या वार्तापत्राने रूढ केलेल्या मूल्यमापनाच्या पद्धतीकडे पाहणे आवश्यक आहे. झुंजीला एक ते पाच तारे देण्याची ही पद्धत आता जगभर पसरली आहे. डावांची अवघडता, वेग, चुकांचे प्रमाण, चढती भाजणी अशा गोष्टी तीत बऱ्यापैकी मोजल्या जातात. नुरा कुस्ती म्हणून हिणवल्या गेलेल्या प्रकाराला कारागिरीच्या कसोटीवर तपासण्याची सवय तिने लावली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. पण या पद्धतीत दोन लढती समान तारे मिळवू शकतात, एकीत काहीही पणाला नसताना आणि दुसरीत एका माणसाची तीस वर्षे पणाला असताना. व्हियानो तिसरा त्या रात्री ज्या डावांनी लढला ते डाव इतर शेकडो लढतींत दिसतात. वेगळे होते ते त्या डावांमागचे कारण. प्रत्येक सुटका मुखवट्याचे आयुष्य क्षणभर वाढवणारी आहे, हे जाणूनच ती पाहावी लागते. सुटकेची सफाई त्यानंतर येते. निकाल ठरलेला आहे हे ठाऊक असूनही अशा लढतीत जीव टांगणीला लागतो, कारण निकाल कोणाच्या बाजूने ठरला आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसते आणि परिणाम मात्र कायमचा आहे हे पक्के ठाऊक असते.

उलट बाजूचे उदाहरण रे मिस्तेरियो यांचे. अमेरिकेतील डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीच्या फेब्रुवारी १९९९ मधील कार्यक्रमात त्यांना मुखवटा गमवावा लागला. त्यामागे वर्षानुवर्षांचे वैर नव्हते, समोर तोडीचा मुखवटा नव्हता, आणि ही हानी काय आहे हे जाणणारा प्रेक्षकवर्गही नव्हता. २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या दुसऱ्या कंपनीत ते पुन्हा मुखवट्यासह उतरले. तारे मोजायचे तर १९९९ ची ती लढत फार वाईट होती असे नाही. वाईट होता तो तिचा हिशेब : एक मौल्यवान वस्तू खर्ची पडली आणि बदल्यात कथेला काहीच मिळाले नाही. त्याच कंपनीने २०२५ मध्ये ट्रिपल ए विकत घेतल्यानंतर मुखवट्याच्या पैजांचे काय होईल, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ व्यावसायिक राहत नाही.

प्रेक्षकांचे शेरे

लुचा लिब्रेची सर्वांत जुनी समीक्षा छापील नाही. लढत मनापासून आवडली की प्रेक्षक रिंगणात पैसे फेकतात. नाणी, नोटा, ज्याला जे जमेल ते. दोन्ही बाजूंचे थकलेले मल्ल आणि त्यांचे मदतनीस ते गोळा करतात. तिकीट आधीच काढलेले असते, म्हणून हे पैसे किंमत नसून शेरा आहे. तो पराभूतालाही मिळतो, किंबहुना पुष्कळदा त्याच्या वाट्याचा म्हणूनच दिला जातो. 'हीच खरी लुचा' अशा अर्थाची सामूहिक घोषणाही होते. निकालापासून मूल्य वेगळे करण्याचा जो विवेक विद्यापीठीय समीक्षेला सिद्धान्तातून साधावा लागतो, तो येथे वरच्या स्वस्त बाकांवर बसणाऱ्यांनी केव्हाच साधलेला आहे.

तथापि प्रेक्षकांचे हे न्यायासन निर्मळ आहे असे समजण्याचे कारण नाही. 'एक्सोतिको' म्हणजे स्त्रैण हावभाव करणारे मल्ल या परंपरेत जुने आहेत आणि त्यांना मिळणारी हेटाळणी तितकीच जुनी आहे. कासान्द्रो या नावाने लढणारे साउल आर्मेन्दारिस स्वतःची समलिंगी ओळख न लपवता रिंगणात उतरले, जानेवारी १९९१ मध्ये सान्तोच्या मुलाशी, एल इहो देल सान्तोशी, झुंजले आणि १९९२ मध्ये यूडब्ल्यूए संस्थेचे लाइटवेट विजेतेपद त्यांनी मिळवले. हेटाळणी करणाऱ्या गर्दीला त्याच लढतीच्या अखेरीस टाळ्या वाजवायला लावणे, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय. त्यांच्या लढतींचे परीक्षण करताना पकडीइतकीच गर्दीच्या आवाजातील ही उलथापालथ नोंदवली पाहिजे. स्त्रियांच्या झुंजींना तर राजधानीत १९८६ पर्यंत बंदीच होती, त्यामुळे तेथील प्रेक्षकांना शेरा देण्याची संधीही नव्हती.

गर्दी हा लढतीचाच घटक असल्यामुळे कॅमेऱ्यातून लुचा लिब्रे पाहणे नेहमीच थोडे तोट्याचे ठरते. १९५० च्या दशकात शासनाने राजधानीतील दूरचित्रवाणीवरून या झुंजी हटवल्या आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी त्या पुन्हा पडद्यावर आल्या. स्वतः मल्लविद्येचे शिक्षण घेऊन 'द वर्ल्ड ऑफ लुचा लिब्रे' (२००८) हा ग्रंथ लिहिणाऱ्या मानवशास्त्रज्ञ हेदर लेव्ही यांनी या पुनरागमनाच्या परिणामांची सविस्तर चर्चा केली आहे. निव्वळ पाहणाऱ्याच्या दृष्टीने एवढे म्हणता येईल, की सहा मल्लांच्या लढतीतील एकाच चेहऱ्यावर कॅमेरा स्थिर झाला की बाकीची दोन भांडणे नाहीशी होतात, आणि उडी झेलणारे हात चौकटीबाहेर राहतात.

चिन्ह आणि मान

रोलाँ बार्थ यांचा कुस्तीवरील निबंध 'मिथॉलॉजी' (१९५७) या संग्रहात आरंभीच येतो. तो पॅरिसमधील झुंजींविषयी असला तरी लुचा लिब्रेविषयीच्या बहुतेक अभ्यासपूर्ण लेखनाचा तोच पाया आहे. बार्थ यांच्या मते ही क्रीडा नसून दृश्य आहे. प्रेक्षकाला वेदना घडली की नाही याची फिकीर नसते, त्याला वेदनेचे चित्र हवे असते. आणि मल्लाची प्रत्येक अवस्था तत्क्षणी, संपूर्णपणे वाचता येते. संस्कृत काव्यशास्त्राशी परिचित वाचकाला येथे श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय आठवावा. चित्रातील घोड्याकडे पाहताना 'हा खराच घोडा आहे' असेही वाटत नाही आणि 'हा खोटा आहे' असेही वाटत नाही. ती प्रतीती या दोहोंहून निराळीच असते. 'खरे की खोटे' हा प्रश्न रसास्वादात गैरलागू ठरतो, इथपर्यंत दोघेही घेऊन जातात आणि तिथपर्यंत ते बरोबरच आहेत.

अडचण २० मार्च २०१५ च्या रात्री तिहुआना येथे दिसून आली. पेरो आग्वायो ज्युनिअर, वय ३५, 'लोस पेरोस देल माल' या रुडो टोळीचा प्रमुख, जोडीच्या लढतीत रे मिस्तेरियोविरुद्ध उतरला होता. मिस्तेरियोचा '६१९' हा डाव प्रसिद्ध आहे : प्रतिस्पर्ध्याला लाथेने दोरांकडे ढकलायचे, तो मधल्या दोरावर मान टेकून लटकला की दोर धरून झुलत त्याच्या चेहऱ्यावर पाय हाणायचे. लाथ बसल्यावर आग्वायो दोरावर कोसळला आणि लटकून राहिला. जगभरातील प्रेक्षकांनी असंख्य वेळा पाहिलेली तीच स्थिती, तीच जागा, तोच आकार. लढत लगेच थांबली नाही. मानेला झालेल्या इजेमुळे त्याचे निधन झाले.

त्या काही क्षणांत चिन्ह पूर्णपणे वाचनीय होते आणि वाचन पूर्णपणे चुकीचे होते. बार्थ यांच्या विवेचनात या शक्यतेला जागा नाही, कारण त्यांच्या मते चिन्हामागे शोधण्यासारखे काही उरतच नाही. शंकुकाचा घोडाही चित्रातलाच असल्यामुळे तो जखमी होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. लुचा लिब्रेत चित्र ज्यावर काढलेले असते ते फलक म्हणजे जिवंत मान आहे. बेशुद्धीचा उत्तम अभिनय आणि बेशुद्धी यांत बाहेरून फरक न दिसणे हे या कलेचे यश मानले जाते, आणि तिचा सर्वांत मोठा धोकाही तोच आहे. बार्थ यांचा आधार घेऊन २०१५ नंतर लिहिणाऱ्या समीक्षकाने निदान या ठिकाणी थांबून त्यांच्याशी वाद घातला पाहिजे. तसे न करता त्यांची अवतरणे यांत्रिकपणे पुढे सरकवणे हा अभ्यासातील आळस होय.

मेक्सिको शहराने २१ जुलै २०१८ रोजी लुचा लिब्रेला शहराचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. 'अमूर्त' हा शब्द शासकीय परिभाषेतला आहे. त्यास इलाज नाही. पुढच्याच वर्षी, २० ऑक्टोबर २०१९ रोजी, मोन्तेरेय येथे दुसरा ला पार्का, म्हणजे तापिया यांच्यानंतर तोच वेष चढवलेले हेसुस अल्फोन्सो हुएर्ता, यांनी रिंगणाबाहेर उभ्या असलेल्या रुश या मल्लावर दोरांमधून झेप घेतली. झेप दोरांपाशीच चुकली. झेलणारा आपल्या जागी तयार होता, पण शरीर त्याच्यापर्यंत नीट पोहोचलेच नाही. डोके कठड्यावर आणि मग जमिनीवर आदळले. ११ जानेवारी २०२० रोजी त्यांचा मृत्यू झाला. या झेपेचे चित्रीकरण उपलब्ध आहे आणि ते वारंवार दाखवले जाते, बहुधा उडी मारणाऱ्यावर दृष्टी ठेवून. त्यात रुश यांच्या हातांकडे पाहिले तर ते शेवटच्या क्षणापर्यंत झेलण्यासाठी पुढे आलेले दिसतात.